मोटरहोममागे गाडी न्यायची तर बंदिस्त ट्रेलर घ्यावा की टो-बार?

मोटरहोमने, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या मोठ्या गाडीने, लांबच्या प्रवासाला जाताना सोबत एक लहान गाडी असावी असे ठरले, की ती न्यायची कशी हा प्रश्न उभा राहतो. गाडीची चारही चाके रस्त्यावर ठेवून ती टो-बारने, म्हणजे मोटरहोमला जोडणाऱ्या दांड्याने, ओढता येते किंवा लांब बंदिस्त ट्रेलरमध्ये चढवून नेता येते. बहुतेक जण आधी ‘इंजिन एवढे ओढेल का’ असे विचारतात. माझ्या मते हा प्रश्न दुय्यम आहे. इंजिन बहुधा ओढते. खरी कसोटी मोटरहोमच्या मागच्या भागाची आणि ब्रेकची लागते.

हिचवर, म्हणजे मोटरहोमच्या मागे ओझे जोडायच्या जोडणीवर, ४,५०० किलोची पाटी आहे म्हणून तेवढे ओझे ओढता येईलच असे नाही. मोटरहोम आणि मागचे ओझे यांच्या एकत्रित वजनाचीही एक कमाल मर्यादा असते. ती १३,५०० किलो असेल आणि पाणी, इंधन, सामान व माणसे धरून मोटरहोमच १०,३०० किलो भरत असेल, तर ओढण्यासाठी ३,२०० किलोच उरतात. २४ फुटी बंदिस्त ट्रेलर रिकामा सुमारे १,७०० किलोचा असतो. त्यात १,५०० किलोची गाडी आणि ३०० किलोची हत्यारे, सुटी चाके वगैरे चढवली की बेरीज ३,५०० किलोवर जाते, म्हणजे पाटी परवानगी देत असूनही हिशोब बसत नाही.

दुसरा हिशोब याहून कमी लोक करतात. ट्रेलर स्थिर चालावा म्हणून त्याच्या एकूण वजनाचा १० ते १५ टक्के भार हिचवर यावा लागतो. तो कमी पडला की ट्रेलर डोलू लागतो. ३,५०० किलोचे १२ टक्के म्हणजे ४२० किलो. मोटरहोमची हिच मागच्या एक्सलपासून बरीच मागे असते. हे अंतर साडेतीन मीटर आणि दोन्ही एक्सलमधले अंतर सहा मीटर धरले, तर तरफेच्या न्यायाने मागच्या एक्सलवर ४२० नव्हे, तर ६६५ किलो वाढतात आणि पुढच्या एक्सलवरचे २४५ किलो कमी होतात. मागचा एक्सल आधीच मर्यादेजवळ असेल तर तो तिथेच ओलांडला जातो आणि पुढचा हलका झाल्यामुळे स्टिअरिंगची पकड सैल वाटू लागते. टो-बारच्या बाबतीत हा प्रश्न जवळपास येतच नाही, कारण ओढल्या जाणाऱ्या गाडीचे वजन तिच्याच चाकांवर राहते आणि हिचवर फक्त बारचा किरकोळ भार येतो.

मात्र टो-बार प्रत्येक गाडीला चालत नाही. अनेक ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेल फिरवणारा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद ठेवून चाके फिरत राहिली, तर आतले भाग तेलाविना झिजतात. म्हणून उत्पादकाच्या पुस्तिकेत तशी स्पष्ट परवानगी नसेल तर हा मार्ग सोडून द्यावा. शिवाय पुढच्या गाडीने उडवलेले खडे थेट काचेवर आणि बॉनेटवर येतात. जुनी जपलेली किंवा शर्यतीची गाडी असेल, तर बंदिस्त ट्रेलरचे पारडे इथेच जड होते.

चालवण्यातला फरक वळणावर जाणवतो. मोटरहोम एका बाजूला वळते तेव्हा तिची शेपटी विरुद्ध बाजूला झुकते आणि हिचसह ट्रेलरचे नाकही तिकडे नेते. त्यामुळे ट्रेलर आतला कोपरा भीती वाटते तितका कापत नाही. पण इंधन भरून स्टिअरिंग पूर्ण फिरवत निघताना पंपाशेजारचा खांब नेमका बाहेरच्या बाजूला सापडतो. तिथून गाडीची लांबी भरेपर्यंत सरळच पुढे जावे. बंदिस्त ट्रेलरच्या उंच सपाट भिंतींना आडवा वारा लागतो आणि मोठा ट्रक शेजारून गेला की आधी ढकलल्यासारखे, मग ओढल्यासारखे वाटते. ट्रेलर नागमोडी चालू लागलाच, तर पायाने ब्रेक दाबू नये आणि स्टिअरिंग उलटसुलट फिरवू नये. ॲक्सिलरेटर सोडून फक्त ट्रेलरचे ब्रेक चालकाजवळच्या नियंत्रकाने हाताने लावावेत. हे ब्रेक गाडी भरलेली असताना जुळवलेले असतील, तर रिकामा ट्रेलर परत आणताना त्यांचा जोर कमी करावा लागतो, नाहीतर चाके जाम होऊन घसरतात.

रिव्हर्सच्या बाबतीत टो-बारवाल्याला पर्यायच नसतो. मागे ढकलताच ओढलेल्या गाडीची पुढची चाके एका बाजूला पूर्ण वळतात आणि बार वाकतो; गल्ली बंद निघाली की उतरून गाडी सोडवावी लागते. ट्रेलर मात्र मागे घेता येतो, आणि लांब ट्रेलर आखूड ट्रेलरपेक्षा सावकाश वळत असल्याने चूक सुधारायला वेळ मिळतो. हात स्टिअरिंगच्या तळाशी ठेवला, की ट्रेलरची शेपटी जिकडे हवी तिकडे हात न्यायचा, एवढेच लक्षात ठेवावे लागते.

ट्रेलर विकत घेण्याआधी त्यात गाडी चढवण्याचे काम एकदा स्वतः करून पाहावे. आतली रुंदी अडीच मीटरच्या आत असते, १.८ मीटर रुंदीची गाडी मधोमध उभी केली, की दोन्ही बाजूंना जेमतेम फूटभर जागा उरते आणि दरवाजा चाकावरच्या पेटीला अडतो. मग खिडकीतून अंग चोरून बाहेर पडावे लागते, किंवा दरवाजासमोर भिंतीत खास झडप असलेला ट्रेलर शोधावा लागतो. त्यानंतर चार पट्टे वाकून आवळायचे आणि पहिल्या पन्नासेक किलोमीटरवर थांबून पुन्हा ताणायचे. टो-बारची गाडी काही मिनिटांत सुटते.

उघडा ट्रेलर बंदिस्त ट्रेलरच्या जवळपास निम्म्या वजनाचा असतो आणि वाऱ्यालाही कमी अडतो. गाडी ओढण्याजोगी नाही, पण फार जपण्याचीही नाही, अशांनी आधी त्याचाच विचार करावा. डॉलीची, म्हणजे गाडीची फक्त पुढची चाके उचलून नेणाऱ्या छोट्या दुचाकी ट्रेलरची, शिफारस मी सहसा करत नाही. तिच्यावरही रिव्हर्स जमत नाही आणि मुक्कामी रिकामी डॉली ठेवायला जागा लागते ती वेगळीच.

ट्रेलरचा व्यवहार करण्याआधी मोटरहोम प्रवासाला निघताना भरते तशी भरून काट्यावर न्यावी, दोन्ही एक्सलचे वजन वेगवेगळे घ्यावे आणि मागच्या एक्सलच्या मर्यादेतून ते वजा करावे. उरलेला आकडा हिचवरील भाराच्या दीडपटीपेक्षा कमी आला, तर बंदिस्त ट्रेलरचा विषय त्या मोटरहोमपुरता तिथेच संपतो.