मागाशेजारचा ओव्हरक्लॉक: रायझन ५ ५६०० आणि एअर कूलर, अकरा महिन्यांनंतर

मी गेमर नाही, हे आधीच सांगतो. लग्नाचे व्हिडिओ एडिट करून पोट भरतो. बेळगावात वडगावला घर आहे, माडीवर दहा बाय बाराची खोली, आणि खिडकीपलीकडं शेजारच्या काकांचे चार यंत्रमाग. तुळशीचं लग्न झालं की माझा सीझन सुरू होतो तो थेट मे अखेरपर्यंत. गिऱ्हाइकं खानापूर, निपाणी, चिकोडीपर्यंतची. निम्म्या पत्रिका मराठीत, निम्म्या कन्नडात, टायटलं दोन्हींत करून द्यावी लागतात. बायोस (मशीन सुरू होताना उघडतो तो मूळ सेटिंगचा पडदा) तेवढा इंग्रजीत, तिथं सीमावाद नाही.

मशीन साधंच: एएमडीचा रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी५५० मदरबोर्ड, ३२ जीबी रॅम. सहा कोअर, बारा थ्रेड, क्लॉक ३.५ पासून ४.४ गिगाहर्ट्झपर्यंत. नवा प्रोसेसर घ्यायला पैसे नव्हते, म्हणून आहे त्यालाच ठरलेल्या वेगापेक्षा (क्लॉकपेक्षा) जरा जास्त पळवायचं, म्हणजे ओव्हरक्लॉक करायचं ठरवलं. पाण्याचा कूलर नको होता. पंप बंद पडला तर भर सीझनमध्ये बेळगावात तो कोण बदलून देणार? म्हणून डीपकूलचा एके४०० हा पंख्याचा, म्हणजे एअर कूलर मागवला. चार हीटपाइप (उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्या), एक १२० मिलिमीटरचा पंखा, उंची १५५ मिलिमीटर. उंची आधी बघा. माझ्या एका मित्रानं न मोजता असाच उंच कूलर आणला आणि कॅबिनेटची काच उघडी ठेवून वर्ष काढलं.

बसवताना पहिली चूक माझीच. माझ्या बोर्डावरच्या एएम४ सॉकेटमध्ये (प्रोसेसर बसतो ती जागा) पिना प्रोसेसरला असतात. प्रोसेसर आणि कूलरच्या मधली जुनी पेस्ट वाळलेली असली की कूलर सरळ वर ओढताच प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो. मशीन दहा-पंधरा मिनिटं कामाला लावून पेस्ट गरम करायची, मग बंद करून कूलर डावी-उजवीकडं हलके पिळत सोडवायचा, हे मला ठाऊक होतं. पण सकाळची घाई होती, थंडच ओढला. प्रोसेसर कूलरला चिकटून हातात! कोपऱ्यातल्या दोन पिना कललेल्या. कटरचं पातं पिनांच्या ओळींमधून सरकवत, श्वास रोखून, तासाभरात त्या सरळ केल्या. खाली आईनं चहासाठी तीन हाका मारल्या, मला एकही ऐकू आली नाही. आणखी एक: जुन्या कूलरचे चार स्क्रू काढले की बोर्डामागची पट्टी सुटून पडते, ती मागून हातानं धरा.

नुसता कूलर बदलला, बाकी काही नाही, तरी रेंडर (एडिट केलेल्या व्हिडिओची अंतिम फाइल तयार होणं) चालू असतानाचं तापमान ८२ वरून ६३ वर आलं. डब्यात आलेला छोटा कूलर मूळ क्लॉकसाठीच असतो, त्याच्याकडून यापेक्षा जास्त अपेक्षा करणं बरोबर नाही. तीन आठवडे तसंच चालवलं. ज्यांना फक्त आवाज कमी हवाय त्यांनी इथंच थांबलं तरी चालेल.

मग ओव्हरक्लॉक. आधी जुन्या पद्धतीनं, सगळे कोअर ४.५ वर आणि व्होल्टेज १.३ वर बांधून. चाललं, पण मला पटलं नाही. उष्णता क्लॉकच्या पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. १.२५ चे १.३५ व्होल्ट केलेत तर व्होल्टेज वाढलं आठच टक्के, पण क्लॉक तोच ठेवूनही उष्णता सोळा-सतरा टक्क्यांनी वाढली. एअर कूलरवर खरा खेळ क्लॉकचा नसतो, व्होल्टेज किती कमी ठेवून तो मिळतो याचा असतो. शिवाय क्लॉक असा बांधून टाकला की एकाच कोअरच्या कामात प्रोसेसर स्वतःहून वर गेला असता तेही बंद.

म्हणून बायोसमधल्या दोन सोयी वापरल्या: प्रोसेसरला वीज आणि क्लॉकची जादा सूट देणारा पीबीओ, आणि व्होल्टेज कापणारा कर्व्ह ऑप्टिमायझर. या प्रोसेसरची मूळ वीजमर्यादा ७६ वॅट, ती ९५ केली. कमाल क्लॉकला २०० मेगाहर्ट्झची जादा सूट दिली. एएमडीनं ५६०० ची तापमानमर्यादा ९० अंश ठरवलीय. मी बायोसमध्ये ती ८० वर आणून ठेवली, म्हणजे काहीही बिघडलं तरी मशीन स्वतःच क्लॉक उतरवेल. एवढं एक करून ठेवलं तर बाकीच्या चुका माफ असतात. आणि हो, पीबीओ बायोसमध्येच दिलेला असला तरी त्यामुळं झालेलं नुकसान एएमडीच्या वॉरंटीत बसत नाही. रॅमला तिच्या जाहीर वेगानं चालवणारं एक्सएमपी सेटिंग त्याआधीच लावून, रात्रभर तपासून घेतलं होतं. दोन्ही एकदम बदललं तर दोष कुणाचा हे कळत नाही.

कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये उणे आकडा टाकला की त्याच क्लॉकला व्होल्टेज कमी मिळतं. एक पायरी म्हणजे तीन ते पाच मिलिव्होल्ट. उत्साहात सगळ्या कोअरना उणे ३० दिले. प्रोसेसरला ताण देणाऱ्या चाचण्या लावल्या: सिनेबेंच आर२३ अर्धा तास फिरलं, ओसीसीटी तासभर, एक अख्खं लग्न रेंडर झालं. मी खूश. रात्री अकराला ब्राउझर उघडून नुसता मेल वाचत होतो आणि मशीन काहीही न सांगता रीस्टार्ट. दोन दिवसांनी पुन्हा तसंच, तेव्हा तर मी जेवत होतो आणि मशीन रिकामं बसलं होतं.

हे नव्यांना कळत नाही, मलाही कळलं नव्हतं. पूर्ण लोडला सगळे कोअर जरा खालच्या क्लॉकवर असतात. हलक्या कामात एखादाच कोअर एकदम शेंड्यावर उडी मारतो, आणि कापलेलं व्होल्टेज तिथं अपुरं पडतं. म्हणून नुसत्या जड चाचणीवर विश्वास ठेवायचा नाही. कोअरसायकलर नावाचं फुकट साधन एकेका कोअरला पाळीपाळीनं तपासतं. ते चार रात्री लावून ठेवलं. माझे दोन सर्वांत चांगले कोअरच आधी अडखळले. चांगले कोअर मुळातच कमी व्होल्टेजवर वर जात असतात, त्यांच्याकडून आणखी काय कापणार? त्यांना उणे १०, बाकीच्यांना उणे २२. तेव्हापासून शांत.

अगदी शांत नाही. फेब्रुवारीत परत दोनदा रीस्टार्ट झालं आणि मी आकडे कमी करत बसलो. उणे १० चे उणे ५ केले, तरी तेच. मग इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची नोंदवही) नीट वाचला. मशीन कसंही अचानक पडलं की ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद होतेच, तिच्यावरून काही कळत नाही. प्रोसेसर अडखळला असेल तर बहुतेक वेळा सोबत ‘डब्ल्यूएचईए-लॉगर १८’ असते, आणि तिच्यातल्या एपीआयसी आयडी या क्रमांकावरून कोणता कोअर याचा अंदाज लागतो. फेब्रुवारीत १८ नव्हतीच. दोष निघाला यूपीएसच्या म्हाताऱ्या बॅटरीचा. काकांचे माग एकदम सुरू झाले की व्होल्टेज दबायचं, यूपीएस बॅटरीवर जायला बघायचा आणि बॅटरी मान टाकायची. नवी बॅटरी घातली, आकडे परत जुने केले.

मग एप्रिल आला. बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर, थंड हवेचं म्हणतात, पण आमच्या पत्र्याच्या माडीवर एप्रिलच्या दुपारी ३४ अंश होते. जानेवारीच्या सकाळी तीच खोली २२. एअर कूलर खोलीपेक्षा गार करू शकत नाही. खोली बारा अंशांनी तापली की प्रोसेसरही जवळपास तेवढाच वर. जानेवारीतले ६८ एप्रिलमध्ये ८० व्हायला हवे होते, आणि झालेही. पण महिनाअखेरीस मशीन सतत ८० ला टेकून क्लॉक ४.३ वर आणू लागलं, म्हणजे सगळी मेहनत पाण्यात. पेस्ट बदलली. फरक शून्य.

मग पंखा काढला. पंखा आणि हीटसिंकच्या (कूलरच्या धातूच्या भागाच्या) पत्र्यांच्या मधोमध, पंख्याच्याच गोल आकाराचा, करड्या रंगाचा मऊ थर बसला होता. सुताचे बारीक तंतू, त्यात साडीच्या काठातला असावा असा एक गुलाबी धागा. नखानं कोपरा उचलला तर सगळा थर गोधडीच्या अस्तरासारखा अखंड निघून आला. पेस्ट लावताना हा पंखा मी क्लिपसकट काढून बाजूला ठेवला होता आणि त्याच्यामागं बघितलंच नव्हतं! पत्र्यांतलं उरलेलं ब्रशनं आणि ब्लोअरनं काढलं. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा, हवेनं भन्नाट फिरला तर बेअरिंग जातं. त्या दुपारी तापमान नऊ अंशांनी उतरलं.

कॅबिनेटच्या तोंडाला आधी पातळ सुती कापड लावलं, त्यानं हवाच अडली आणि चार अंश वाढले. मग मच्छरदाणीची जाळी लावली. ती बरी. दर रविवारी काढून झटकतो.

पावसाळ्यात काही त्रास नाही. दमट हवेनं पाणी धरेल का, असं दोघातिघांनी विचारलं. हीटसिंक खोलीपेक्षा गरमच असतो, त्यावर दव बसत नाही.

मिळालं काय? चाळीस मिनिटांच्या लग्नाच्या फिल्मचं रेंडर ३८ मिनिटांचं ३५ वर आलं. जादा वीस वॅट, रोज पाच तास धरले तरी महिन्याला तीन युनिट. एवढ्यासाठी हा उद्योग करावा का, तर ज्याचं काम ग्राफिक्स कार्डच्या एन्कोडरवर (व्हिडिओ तयार करणाऱ्या भागावर) होतं त्यानं करू नये, त्याला फरक दिसणारही नाही. मला दिवसाला चार-पाच रेंडर असतात, मला चालतं. काकांना हा हिशेब सांगितला तर म्हणाले, “तीन मिनिटांसाठी वर्षभर खोलून बसलाईस? माझा माग बंद झाला तरी तुझा चालूच हाय की!”

सध्याची सेटिंग: ९५ वॅट, ८० अंश, दोन कोअर उणे १०, चार उणे २२. उद्या खंडेनवमी. काका माग पुसून पूजा मांडतील, मी कॅबिनेट उघडून पंखा काढणार आहे. हळदीकुंकू मात्र बाहेरच्या पत्र्यालाच.