डिपॉझिट भरून मिळालेली फेलोशिप

पीएचडी झाल्यावर मला 'डॉक्टर' म्हणून हाक मारणारा पहिला माणूस तोच, परदेशात फेलोशिप मिळवून देतो म्हणणारा. कॉलेजात मी सीएचबीवाल्या, म्हणजे तासिका तत्त्वावरच्या मॅडम, घरी पिंकी, आणि पन्हाळा तालुक्यातल्या आमच्या गावात 'लई शिकलेली, पण अजून नोकरी न्हाई' ती. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर, काचेचं दार ढकलून आत गेले तर तो खुर्चीवरून उठला आणि म्हणाला, "या डॉक्टर, बसा." माझे १,८१,५०० रुपये गेले. त्यातले निम्मे तरी त्या एका हाकेपायी गेले असं आता वाटतं.

त्याचं नाव लिहीत नाही, त्याच्या संस्थेचंही नाही. तक्रार पोलिसांत आहे, आणि पाटी त्याने एव्हाना बदललीही असेल.

मी फिजिक्सची, काम थिन फिल्मवर, म्हणजे पदार्थांच्या अगदी पातळ थरांवर. शिवाजी विद्यापीठात हा विषय मुरलेला आहे. इथून पीएचडी करून दक्षिण कोरियात पोस्टडॉकला, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाला गेलेले सीनियर मोजायला बसलं तर हाताची बोटं पुरत नाहीत. ते कसे गेले हे मला चांगलं ठाऊक होतं. पेपर वाचायचे, त्यातल्या प्रोफेसरला मेल टाकायची, सीव्ही जोडायचा आणि वाट बघत बसायचं. कुणाला दमडी द्यायची नाही. मीही २०२४ च्या उन्हाळ्यात चौदा मेल टाकल्या. एकाचंही उत्तर आलं नाही.

त्यात घड्याळ चालू होतं. माझी पीएचडी झाल्याचं नोटिफिकेशन निघालं फेब्रुवारी २०२२ मध्ये. जर्मनीच्या हुम्बोल्ट फाउंडेशनची पोस्टडॉक फेलोशिप मागायची तर पीएचडी होऊन चार वर्षांपेक्षा जास्त झालेली चालत नाहीत. फुलब्राइट-नेहरूच्या पोस्टडॉकलाही चार वर्षांचीच अट. माझी अडीच वर्षं तासिका मोजण्यात गेली होती. सीएचबीचं मानधन कधी हातात पडतं हे ज्यांना माहीत आहे, त्यांना त्या वेळची माझी मनःस्थिती वेगळी सांगायला नको. अशात लॅबमधल्या एका मैत्रिणीने व्हॉट्सॲपवर एक जाहिरात पाठवली: 'युरोपात फुल फंडेड पोस्टडॉक, मार्गदर्शन व हमी.' 'हमी' हा शब्द मी वाचला आणि पुढे गेले. आता तोच शब्द डोळ्यांत खुपतो.

ऑफिस चकाचक होतं. टेबलावर चार देशांचे छोटे झेंडे, भिंतीवर शाहू महाराजांची तसबीर, तिला ताजा हार. तो म्हणाला, "डॉक्टर, ही शाहूनगरी आहे. बाबासाहेबांना अमेरिकेला शिकायला पाठवलं ते आमच्या महाराजांनी. इथलं पोरगं पैशावाचून अडायचं नाही."

हे चूक होतं, आणि चूक आहे हे मला तिथेच कळलं होतं. १९१३ मध्ये बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. शाहू महाराजांशी त्यांचा संबंध पुढचा. दोघं एकत्र आले ती माणगाव परिषद १९२० ची. कोल्हापुरात शाळेतल्या पोरालाही हे येतं. पण शिष्यवृत्तीच्याच धंद्यातला माणूस शिष्यवृत्तीचाच इतिहास चुकवतोय, तेव्हा उठावं, हे काही सुचलं नाही. उलट वाटलं, असू दे, भावना चांगली आहे.

पहिले ४,५०० रुपये नोंदणीचे. मग प्रपोजल 'पॉलिश' करायचे १८,०००. पॉलिश म्हणजे काय, तर माझ्याच सिनॉप्सिसमधली वाक्यं इकडची तिकडे. माझी दोन स्पेलिंगं त्यांनी बिघडवून ठेवली होती, ती मीच पुन्हा दुरुस्त केली आणि त्याबद्दल त्यांनाच थँक्यू म्हटलं.

आणि एक अट घातली. "प्रोफेसरला थेट लिहायचं नाही. दोन्हीकडून मेल गेल्या की फाइल रिजेक्ट होते." सगळा खेळ या एका वाक्यावर उभा होता. खरी पद्धत बरोबर याच्या उलटी आहे. हुम्बोल्ट घ्या किंवा युरोपियन युनियनची मारी क्युरी पोस्टडॉक घ्या, तिकडचा यजमान प्रोफेसर आधी तुम्हाला ओळखावा लागतो. हुम्बोल्टला तो लेखी संमती देतो, मारी क्युरीचा अर्ज तर त्याच्या संस्थेबरोबरच भरायचा असतो. प्रोफेसरशी एक ओळही न बोलता पोस्टडॉक मिळणं म्हणजे नवरीला न बघता, न विचारता तिच्या लग्नाची पत्रिका छापण्यासारखं आहे. पण चौदा मेल वाया गेलेल्या बाईला 'तुम्ही लिहू नका, आम्ही बघतो' हे ऐकून किती बरं वाटतं, ते चौदा मेल टाकल्याशिवाय कळायचं नाही.

डिसेंबरात पत्र आलं. फेलोशिपचं नाव असं, की कुठेतरी ऐकल्यासारखं वाटावं. खाली एका खऱ्या जर्मन विद्यापीठातल्या खऱ्या प्रोफेसरचं नाव. त्यांचे पेपर मी थिसिसमध्ये सायटेशनला घेतले होते. कोपऱ्यात पत्र क्रमांक, शिक्का, सही. पत्र आलं तो मेलचा पत्ता मात्र '.ऑर्ग'ने संपणारा, मध्ये दोन डॅश. '.ऑर्ग' पैसे भरून कुणालाही घेता येतं. कुठलं संकेतस्थळ कधी नोंदवलं हेही पाच मिनिटांत फुकट बघता येतं. मी ते बघितलं मार्चमध्ये. नोंदणी होती ऑगस्ट २०२४ ची, म्हणजे मी त्या जिन्याची पायरी चढले त्याच महिन्याची.

पुढचा भाग जरा सावकाश सांगते, कारण शहाणी माणसं इथेच फसतात. त्याने सांगितलेल्या गोष्टी खोट्या नव्हत्या. जर्मनीला शिकायला जाणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून एपीएसचं, म्हणजे शिक्षणाची कागदपत्रं तपासल्याचं प्रमाणपत्र लागतं, हे खरं. विद्यार्थ्याला खर्चासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे महिन्याला ठरावीकच रक्कम काढता येणाऱ्या खात्यात, पैसे दाखवावे लागतात आणि सप्टेंबर २०२४ पासून ती रक्कम वर्षाला ११,९०४ युरो झाली, हेही खरं. मी घरी येऊन नेटवर तपासलं, आकडा तंतोतंत जुळला. झाला माझा विश्वास. आकडा खरा निघाला म्हणून मागणीही खरी मानली.

एपीएसची फी १८,००० रुपये. ती अर्जदार स्वतःच भरतो. याने 'फाइलसह' ३२,००० घेतले. त्यातही तो कागद पदवीला प्रवेश घेणाऱ्यांचा. मी जाणार होते संशोधनाला. मग ब्लॉक्ड अकाउंट. तेव्हाच्या भावाने ते साडेदहा लाखांच्या आसपास जात होतं. तो म्हणाला, "घाबरू नका डॉक्टर, नव्वद टक्के संस्था भरते, तुम्ही फक्त दहा टक्के. एक लाख पाच हजार. ते पण रिफंडेबल."

आता बघा. खरं ब्लॉक्ड अकाउंट तुमच्या स्वतःच्या नावावर असतं. त्यातले महिन्याला ९९२ युरो तुम्हालाच परत मिळतात. आणि ते दाखवावं लागतं कुणाला, तर ज्याच्याकडे खर्चाची दुसरी सोय नाही त्याला. फेलोशिप मिळाली म्हणजे सोय झाली. तिचं पत्र हाच पुरावा. जी संस्था मला दरमहा पैसे देणार, ती माझ्याकडे पैसे आहेत का हे कशाला विचारेल? पाच वर्षं प्रयोगशाळेत बसून ग्राफमधला एक बिंदू वाकडा गेला तरी रात्रभर न झोपणारी बाई मी, आणि हा प्रश्न मला पडला नाही.

आबांनी उसाच्या बिलातले ऐंशी हजार दिले. आईने भिशी उचलली. पैसे गेले ते संस्थेच्या खात्यात नाहीत, कुणा तिसऱ्याच माणसाच्या नावावर, यूपीआयने आणि तुकड्यातुकड्यांत. "ऑडिटसाठी वेगळं खातं," म्हणाला. फेब्रुवारीत विम्याचे २२,००० आणखी.

त्या ऑफिसातली आणखी एक गोष्ट राहून राहून आठवते. बाहेर बाकड्यावर एक मावशी बसल्या होत्या, मुलाची फाइल मांडीवर घेऊन. त्यांना सांगितलं होतं की सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती चाळीस हजारांत 'सेट' करून देतो. ती अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठीची समाजकल्याण खात्याची योजना आहे, अर्ज पुण्याच्या समाजकल्याण आयुक्तालयाकडे जातो, मधल्या माणसाचं तिथे काही काम नाही. मला हे माहीत होतं. मी मावशींना काही बोलले नाही. माझी फाइल बिघडेल अशी भीती वाटली. पैशांपेक्षा हे जास्त लागतं मनाला.

रुजू व्हायची तारीख १ एप्रिल. व्हिसाची अपॉइंटमेंट पुढे पुढेच जात होती. मार्चमध्ये एका रात्री, ते पैसे गेल्यावर अट कसली पाळायची असं वाटून, मी प्रोफेसरना विद्यापीठाच्या पत्त्यावर मेल टाकली. विषय साधा: राहायची सोय कुठे बघू? सकाळी उत्तर आलं. तीन ओळी. मी तुम्हाला ओळखत नाही, अशी कुठली फेलोशिप आमच्याकडे नाही, आणि माझ्या सहीचं असं पत्र या वर्षात दाखवणाऱ्या तुम्ही तिसऱ्या. चौदा मेलनंतर मला आलेलं परदेशातलं पहिलं उत्तर ते हे.

त्या दिवशी राजारामपुरीत गेले तर दाराला कुलूप. खालच्या दुकानदाराने सांगितलं, अकरा महिन्यांचा करार होता, त्याआधीच सोडून गेले, वीजबिलही थकलंय.

इथे मी दुसरी चूक केली. लाज वाटून अकरा दिवस गप्प बसले. १९३० हा सायबर फसवणुकीचा फोन नंबर आहे. पैसे गेल्यावर काही तासांत फोन केला तर ते पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते. उशीर झाला की ते चार खाती ओलांडून गेलेले असतात. पोलिसांनी तक्रार घेतली, नीट बोलले. विम्याच्या २२,००० पैकी १४,००० एका खात्यात गोठलेले सापडले. ते परत मिळवायला कोर्टाचा आदेश आणा असं मला सांगितलं, त्यासाठी खेपा चालू आहेत. बाकीच्याचं काही कळत नाही.

आबांना सांगितलं तेव्हा ते गोठ्यात होते. बराच वेळ म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "एवढं शिकलीस पोरी, तुला बी कळंना व्हय?" आणि जरा वेळाने, "आईला ऐंशीचं सांग. भिशीचं म्या बघतो." आईला सगळं आधीच माहीत होतं, ही गोष्ट वेगळी.

एप्रिलपासून मी पुन्हा स्वतः मेल टाकते. आता प्रत्येक मेलमध्ये त्या प्रोफेसरच्या एखाद्या पेपरमधल्या एखाद्या आकृतीबद्दल नेमका प्रश्न असतो. आधीच्या चौदांत तो नव्हता. त्या सगळ्या 'आदरणीय सर'ने सुरू होऊन सीव्हीवर संपणाऱ्या, एकाच साच्यातल्या. एकतीस मेलना चार उत्तरं आली. त्यातल्या एक बाई अर्ज कर म्हणाल्यात. चार वर्षं भरायला आता फार महिने उरलेले नाहीत.

विद्यापीठाच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर मी हे थोडक्यात टाकलं होतं. दोन दिवसांनी गडहिंग्लजहून एका मुलाचा फोन आला. आवाज कोवळा, एमएस्सी नुकतीच झालेली. मला वाटलं, धीर द्यायला केला असेल.

"ताई, ते सर आता कुठं बसत्यात? ऑफिस बंद दिसतंय, आणि माझा दुसरा हप्ता द्यायचा राहिलाय."

मी विचारलं, पत्र आलंय का? आलंय म्हणाला. म्हटलं, कोपऱ्यातला क्रमांक वाच.

त्याने एकेक आकडा सावकाश वाचला. क्रमांक माझाच होता.