मित्रमंडळींत मोजून खाणं: नऊ महिन्यांनंतर

वजन उतरवण्यासाठी मी खाण्याच्या कॅलरी मोजायला लागले, तेव्हा सुरुवातीचा महिनाभर खिशात मावेल एवढा डिजिटल काटा घेऊन हॉटेलात जायचे. हसा खुशाल. आम्ही सहा जण जेवायला बसलो होतो, एकीचा वाढदिवस होता. भाताचा वाडगा आला आणि मी तो काट्यावर ठेवला. वाडगा काट्यापेक्षा मोठा, त्यामुळे आकडा त्याच्या पोटाखाली गेला. तो वाचायला मी मान तिरकी करून टेबलाला गाल टेकवला, तेवढ्यात वेटर धावत आला, "मॅडम, काही पडलंय का?" सगळे हसले, मीही हसले. पण एकीचा किस्सा अर्धवट तुटला होता, तो तिने पुन्हा काही सुरू केला नाही. त्या रात्रीपासून काटा परत ओट्यावर. तिथे मात्र तो अजून रोज चालू आहे.

म्हणून हा अनुभव खरं तर काट्याचाही नाही आणि अ‍ॅपचाही नाही. नोंदीची अ‍ॅप मी तीन वापरून पाहिली. बाहेरच्या जेवणाच्या बाबतीत तिन्ही सारखीच आंधळी, नावं घेण्यात अर्थ नाही. हा अनुभव आहे हाताच्या मापाचा: मूठ, तळवा, अंगठा. मूठभर भात किंवा पास्ता म्हणजे एक कप, बोटं सोडून तळव्याएवढा मासा किंवा चिकनचा तुकडा म्हणजे 85 ते 100 ग्रॅम, अंगठ्याएवढं लोणी म्हणजे एक मोठा चमचा. सगळीकडे हेच सांगतात. मी ते तसंच्या तसं घेतलं आणि दोन महिने गंडले.

कारण माझी मूठ एक कप नाही. एकदा दुपारी घरी बसून हे तपासलं. पातेलं काठोकाठ भरलं, खाली परात ठेवली, मनगटापर्यंत मूठ बुडवली आणि परातीत सांडलेलं पाणी मापाच्या भांड्यात ओतलं. 290 मिली. अ‍ॅपमधला कप 240 चा. म्हणजे मी 'एक मूठ भात' खाऊन 'एक कप' लिहीत होते आणि दर वेळी पाचवा हिस्सा वाढीव खात होते. शिजलेल्या भाताच्या 100 ग्रॅमला साधारण 130 कॅलरी धरतात. माझ्या मुठीएवढा भात काट्यावर 190 ग्रॅमच्या आसपास भरला, म्हणजे जवळपास 250 कॅलरी. अ‍ॅप दोनशे सांगत होतं. एका मुठीत पन्नासचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण बाहेर एका मुठीवर कोण थांबतं?

तेव्हा हे माप वापरायचं असेल तर आधी दोन आठवडे घरी हात आणि काटा समोरासमोर ठेवा. आधी अंदाज बोलायचा, मग वजन करायचं. मी भात बऱ्यापैकी लवकर शिकले, मांसाचा तुकडाही. चीज मात्र अजून चुकतं. पातळ काप पसरलेला असला की डोळ्याला कमी वाटतो, आणि किसून टाकलं असेल तर देवच जाणे.

तेल हा वेगळाच विषय आहे, आणि माझ्या मते बाहेरच्या जेवणाचा हिशेब चुकतो तो निम्म्याहून अधिक इथेच. एक मोठा चमचा म्हणजे 15 मिली तेल, त्याच्या 120 च्या आसपास कॅलरी. एका ग्रॅम स्निग्धांशाला नऊ कॅलरी, तर पिष्टमय पदार्थाला आणि प्रथिनाला चार-चार. त्यामुळे भाताचा अंदाज एका चमच्याने चुकला तर फारसं बिघडत नाही, तेलाचा चुकला तर बिघडतं. आणि तेल दिसत नाही. भाजीवर लखलखणारं तरी दिसतं, पावाला आतून लागलेलं लोणी किंवा सूपमध्ये विरघळलेली साय कुठे दिसते? माझी युक्ती अगदी गावठी आहे. खाऊन झाल्यावर ताट जरा कलतं करून बघते. एका कडेला तेल ओघळून साचलं तर त्या जेवणात मी अंगठे दोन जास्त लिहिते, नुसता तवंग असेल तर एक. बरोबर असेल असं म्हणत नाही. पण दर वेळी एकाच पद्धतीने चुकते, आणि तेवढं मला पुरतं.

आता खरी अडचण. एकटीने जेवायला गेले तर माझं ताट माझं असतं. मित्रमंडळींत ताट कुणाचंच नसतं. मधोमध चार वाडगे, आणि सहा जणांचे हात. यावर सगळ्यांचा पहिला उपाय एकच: वाडग्याची कॅलरी भागिले सहा. मीही तेच करायचे. मग एका संध्याकाळी ठरवून मोजलं. वाडग्यात वाढायच्या चमच्याने चौदा चमचे निघाले. भागिले सहा केलं तर माझ्या वाट्याला सव्वादोन चमचे. मी घेतले होते पाच. आमच्यातली एक पहिल्या चमच्यानंतर फोनवर गेली, एकाला तो पदार्थ आवडतच नाही, आणि वाडगा माझ्या कोपराशी होता. बस, एवढंच कारण. सरासरी काढली तर मी बिचारी अल्पाहारी ठरत होते.

तेव्हापासून भागाकार बंद. वाडग्यातून थेट तोंडात काहीच नाही, आधी आपल्या पानात घ्यायचं, मग खायचं. काय कळलं म्हणाल तर नऊ महिन्यांत एवढंच कळलं. पानात आलं की ते दिसतं, दिसलं की त्याला मूठ लावता येते. न मोजता फक्त 'किती वेळा घेतलं' एवढं लक्षात ठेवलं तरी काम भागतं. भात दोनदा, रस्सा तीनदा, तळलेले बटाटे एकदा. चमच्याचा आकार घरी एकदा वजन करून ठरवून ठेवलाय, शिगोशीग भरलेला रश्श्याचा चमचा मी 65 ग्रॅम धरते. हॉटेलातले चमचे थोडे लहानमोठे असतात, असू देत.

तळलेल्या बटाट्यांचं मात्र पानात घेऊनही जमत नाही. ते मधे ठेवलेले असतात आणि बोलता बोलता हात आपोआप जातो. एक-एक काप म्हणजे खाणं असं कुणाला वाटतच नाही. त्यांच्या 100 ग्रॅममध्ये तीनशेच्या वर कॅलरी असतात आणि 100 ग्रॅम म्हणजे फार मोठा ढीग नसतो. मी आता मूठभर उचलून पानात ठेवते आणि बशी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सरकवते. "अगं, आम्हाला का शिक्षा?" असं एकीने विचारलं. प्रश्न रास्त होता.

जास्त माणसं असली की जास्त खाल्लं जातं, हे माझ्यापुरतंच नाही. जॉन द कॅस्ट्रो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1980 च्या दशकापासून लोकांच्या खाण्याच्या डायऱ्या तपासल्या, त्यात सोबतीने घेतलेलं जेवण एकट्याच्या जेवणापेक्षा सरासरी 44 टक्के मोठं निघालं. मला आकड्यापेक्षा कारण पटलं: माणसं जास्त असली की जेवण लांबतं. घास मोठे होत नाहीत, बैठक मोठी होते. माझ्या नोंदी चाळल्या तर तेच दिसतं. पहिल्या अर्ध्या तासातलं खाणं घरच्यासारखंच. त्यानंतर पोट भरलेलं असतं, गप्पा ऐन रंगात आलेल्या असतात आणि समोर अजून अर्धा पाव असतो. माझ्या हिशेबातल्या जवळजवळ सगळ्या गळत्या या दुसऱ्या अर्ध्या तासातल्या आहेत. म्हणून झालं की ताट उचलायला सांगते. समोर ताटच नसलं की निदान काटाचमचा हातात घ्यायला कारण लागतं.

पेयांबद्दल थोडक्यात. ग्लास रिकामा होण्याआधी कुणी भरून दिला की मोजणी संपली. 330 मिलीच्या गोड शीतपेयात साधारण 35 ग्रॅम साखर असते आणि अर्धा ग्लास पुन्हा भरला तर तो 'एकच ग्लास' राहतो, निदान डोक्यात. दारूचंही तेच, एका ग्रॅम अल्कोहोलला सात कॅलरी. ग्लास पूर्ण संपेपर्यंत त्यावर हात ठेवायचा. बास.

अ‍ॅपमधल्या फोटोवरून ओळखण्याच्या सोयीवर माझा फार जीव होता. वरून काढलेल्या फोटोत खोली कळत नाही, हे पहिल्याच आठवड्यात कळलं. खोलगट वाडग्यातलं सूप आणि सपाट बशीतलं सूप त्याला सारखंच. जरा तिरका फोटो, शेजारी काटाचमचा ठेवून, असा काढला तर अंदाज सुधारतो. पण तेल त्याला माझ्याइतकंही दिसत नाही. एकदा त्याने क्रीमच्या सॉसमधल्या पास्त्याला दही-भात ठरवलं. आता फोटो काढते तो अ‍ॅपसाठी नाही, दुसऱ्या दिवशी आठवायला. तोही एकच, वाडगे आल्या आल्या, सगळे काढतात तेव्हाच.

आता जे लिहायला अवघड जातंय ते. चौथ्या महिन्यात माझी एक जुनी मैत्रीण बाहेर पडताना मला बाजूला घेऊन म्हणाली, "तुझ्यासमोर जेवताना मला हिशेब द्यावासा वाटतो." मी तिच्या ताटाबद्दल कधी अवाक्षर काढलं नव्हतं. पण स्वतःच्या ताटाबद्दल मोठ्याने बोलत होते: "हे झालं अडीचशे", "बाप रे, याच्यात केवढं लोणी". माझा आकडा तिच्या कानावर पडला की तिच्या ताटालाही तो लागू होतो, हे मला सुचलंच नव्हतं. तिला कॉलेजात असताना खाण्याचा गंभीर आजार होऊन गेलाय, तेही मला त्या दिवशीच कळलं. तेव्हापासून टेबलावर आकडा उच्चारायचा नाही, फोन काढून लिहायचं नाही. लिहायचं ते घरी येऊन किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी चहा होईपर्यंत. आठवणीत थोडं गळतं, मान्य. ज्यांना स्वतःला असा आजार होता किंवा आहे, त्यांनी हा उद्योग डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरूच करू नये.

गळतं किती, याबद्दल स्वतःला फसवत नाही. 1992 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक छोटा अभ्यास आला होता. 'कमी खाऊनही वजन उतरत नाही' म्हणणाऱ्यांचं खाणं प्रत्यक्ष तपासलं, तर त्यांनी लिहिलेला आकडा खऱ्यापेक्षा सरासरी 47 टक्के कमी निघाला. खोटं बोलत होते असं नव्हे, तसं प्रामाणिकपणे वाटत होतं. हे वाचल्यापासून बाहेरच्या जेवणाचा माझा जो आकडा येतो त्यावर मी सरळ चौथा हिस्सा वाढवते. शास्त्र काही नाही यात. तीन महिन्यांच्या नोंदी आणि वजन ताडून पाहिलं, तेवढ्याने दोन्ही जुळायला लागलं.

वजनाचंही एक सांगते, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी कुणीतरी हे सगळं सोडून देईल. एका रात्रीच्या जेवणानंतर माझा काटा 1.4 किलो वर गेला होता. मी रडवेली. मग गणित केलं: एक किलो चरबी म्हणजे साधारण 7,700 कॅलरी. म्हणजे मी गरजेपेक्षा दहा हजारांहून जास्त कॅलरी खाल्ल्या असत्या तर ती चरबी. तेवढं टेबलावरसुद्धा नव्हतं. मीठ पाणी धरून ठेवतं, आणि शरीरात साठणाऱ्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजनसोबत (म्हणजे शरीराने साठवून ठेवलेल्या साखरेसोबत) तीनेक ग्रॅम पाणी येतं. चार दिवसांत काटा होता तिथे आला. आता रोज वजन करते, पण बघते आठवड्याची सरासरी.

नऊ महिन्यांत साडेचार किलो उतरले, त्यातला शेवटचा किलो दोनदा परत येऊन गेलाय. महिन्यातून पाच-सहा वेळा बाहेर जाते, पूर्वीइतकीच. एकदाही 'नको, माझं डाएट आहे' म्हणून बेत मोडला नाही. यासाठी या पद्धतीला पाचपैकी चार देईन. एक कापला तो तेलासाठी.

गेल्या आठवड्यात सगळ्यांची गाठ पडली. जेवणं झाली, माझं ताट उचललेलं. त्याच मैत्रिणीने विचारलं, "आज किती झालं?" मी म्हटलं, "सकाळी लिहीन, तेव्हा कळेल." तिने आपला अर्धा उरलेला केक माझ्यासमोर सरकवला. "मग हाही लिही."

लिहिला. केक, अंगठे तीन.