अभिस्तर ऊतींची स्लाइडपेटी आणि मायक्रोस्कोप : आठ महिने वापरल्यानंतर

मी परभणी जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. गेल्या जूनमध्ये गावच्या लोकवर्गणीतून आम्ही एलईडी दिव्याचा साधा मायक्रोस्कोप आणि अभिस्तर ऊतींच्या, म्हणजे शरीराच्या आतल्या-बाहेरच्या पृष्ठभागांवर अस्तरासारख्या पसरलेल्या पेशींच्या, 10 तयार स्लाइडींची पेटी घेतली. आता फेब्रुवारी चालू आहे. कुणी घ्यायच्या विचारात असेल तर त्यांच्यासाठी लिहिते.

मायक्रोस्कोप चार्जिंगवर चालतो, म्हणून तासाच्या मधेच लाइट गेली तरी अडत नाही. नेत्रभिंग 10चं आहे. 10 आणि 40च्या वस्तुभिंगांवर 100 पट आणि 400 पट दिसतं, शाळेला तेवढं पुरतं. 100चं भिंग तेलाचा थेंब टाकल्याशिवाय नीट दाखवत नाही. आम्ही ते एकदाही वापरलं नाही, त्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नका.

सुरुवात पेटीतल्या स्लाइडीने केली नाही. दातकोरण्याच्या बोथट बाजूने गालाच्या आतून हलकेच खरवडलं, काचेवर पसरलं, मेथिलिन ब्लूचा थेंब टाकला. पातळ, पसरट पेशी आणि प्रत्येकीत मधोमध निळा ठिपका, म्हणजे केंद्रक. "मॅडम, शहाबादी फरशी बसवल्यावाणी दिसायलंय," एक पोरगा म्हणाला. पट्टकी, म्हणजे चपट्या, पेशी याहून चांगल्या शब्दांत मला सांगता आल्या नसत्या. खरवडलं तरी रक्त का आलं नाही, हेही तिथंच सांगून झालं : अभिस्तरात रक्तवाहिन्या नसतात, पोषण खालच्या संयोजी ऊतीतून झिरपत येतं. मग पेटीतली अन्ननलिकेची स्लाइड लावली. तिथं तळाच्या पेशी जाडसर, गोलसर आणि वर जाईल तशा चपट्या होत भाकरींच्या चवडीसारख्या रचलेल्या. गालातून आपण त्या चवडीतली फक्त वरची भाकरी उचलली होती, हे मुलांना लगेच उमगलं.

लहान आतड्याच्या स्लाइडीपाशी मात्र मी अडकले. "मॅडम, पुस्तकात एकच थर म्हणतेत, हितं तर चार-पाच दिसायलेत." खरंच दिसत होते. इतकी वर्षं मी फळ्यावर स्तंभीय, म्हणजे खांबासारख्या उभट, पेशी सरळ एका रांगेत काढत आले, आणि समोर केंद्रकांची गर्दी. रात्री घरी बसून विचार केला तेव्हा लक्षात आलं, की स्लाइडीसाठी घेतलेला ऊतीचा पातळ काप तिरका गेलाय. दुसऱ्या दिवशी वर्गात कडब्याची एक पेंढी आणली आणि विळ्याने तिरकी छाटली. ताटं एकाच थरात उभी, पण कापलेल्या तोंडावर टोकंच टोकं एकावर एक. मग पुन्हा स्लाइड लावली, सरकवत सरकवत काप सरळ गेलेली जागा शोधली, आणि तिथं केंद्रकांची एकच ओळ सापडली. तेव्हापासून आमचा नियम : आधी तळाचा पडदा, म्हणजे पेशी ज्यावर उभ्या असतात तो पातळ थर, शोधायचा, मग थर मोजायचे.

श्वासनलिकेची स्लाइड मला सगळ्यात मोलाची वाटते. पहिल्या दिवशी त्यावरचे रोम, म्हणजे पेशींवरचे केसांसारखे बारीक धागे, दिसलेच नाहीत, मला वाटलं स्लाइडच खराब आहे. डायफ्रॅम, म्हणजे उजेड कमीजास्त करायची झडप, थोडा मिटून उजेड कमी केला आणि काठावर बारीक लव उमटली. इथंही केंद्रकं खालीवर असल्याने अनेक थर वाटतात, पण प्रत्येक पेशीचा पाय तळाला टेकलेला असतो. तुरीची मळणी नुकतीच झाली होती, नाकातून काळं येणं पोरांच्या ओळखीचं. धूळ चिकट स्रावात अडकते आणि हे रोम ती घशाकडे ढकलतात, एवढं सांगितलं. बिडीच्या धुरानं हे रोम आधी मंदावतात, पुढं झडतात, हेही सांगितलं. "म्हणून आमचे आबा पहाटं खोकतेत का?" एका मुलीने विचारलं. मी हो म्हणाले. तिने परत एकदा भिंगाला डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही.

वृक्कनलिकेची, म्हणजे मूत्रपिंडातल्या नळीची, घनाभ (ठोकळ्यासारख्या) पेशींची स्लाइड ठीकठाक.

आता तक्रारी. मूत्राशयाचं लेबल लावलेली स्लाइड मूत्राशयाची नाहीच. तिथं वरच्या पेशी मोठ्या, घुमटासारख्या फुगीर हव्यात. आमच्या स्लाइडीत वर केराटिनचे (त्वचेवरच्या कडक प्रथिनाचे) पापुद्रे आणि कोपऱ्यात चक्क केसाचं मूळ. ती त्वचा आहे. दुकानदाराला फोटो पाठवला, तीनदा फोन केला. "पाठवतो" यापुढं काही झालं नाही. दुसरं, पेटी पत्र्याखालच्या कपाटात होती, ऑक्टोबरच्या उन्हाने एका कव्हर स्लिपच्या (स्लाइडीवरच्या पातळ झाकणकाचेच्या) कडेला बुडबुडा शिरला. पेटी गारव्याला, स्लाइडी आडव्या राहतील अशी ठेवा. तिसरं, 40चं भिंग मोठ्या स्क्रूने खाली आणू नका. आमची एक स्लाइड तशीच तडकली.

पैसे देण्याआधी दुकानातच प्रत्येक स्लाइड 10च्या भिंगाखाली बघून घ्या. दोनच परवडत असतील तर श्वासनलिका आणि लहान आतडं घ्या. गालाची तर वर्गात फुकट होते.