सोळा लिटरचा बॅटरी पंप: आठ महिन्यांनंतर, झाकणासकट

पाठीवरचा हा फवारणीचा पंप कसा दिसतो, किती व्होल्टचा, हे सगळ्यांना माहीत आहे. मला लिहायचं आहे झाकणाबद्दल.

फेब्रुवारीत घेतला, 3,500 रुपयांत. आमचं गाव वरुडजवळ. घरामागच्या वाडीत संत्र्याची सहा झाडं, दोन लिंबू, एक पेरू. एवढ्यासाठी दरवेळी भाड्याचा पंप आणि वर माणसाची मजुरी परवडत नाही. बॅटरीची तक्रार नाही, एका चार्जिंगमध्ये सगळी झाडं होऊन उरते. दाबही बरा. पण टाकी भरली आणि जरा वाकलं की झाकणाच्या आट्यांतून धार निघते. आधी मानेवर, मग पाठीवरून थेट कमरेपर्यंत. पहिल्याच दिवशी बनियन ओलं झालं, आणि टाकीत तेव्हा औषध होतं. 2017 साली यवतमाळात फवारता फवारता विषबाधा होऊन माणसं गेली, ते इकडे कोणी विसरलेलं नाही. आईनं ते बनियन काठीनं उचलून फेकलं. "जहर पाठीवर घेऊन फिरतं कायले रे?"

दुकानात गेलो. वायसर सुटं येत नाही, पूर्ण झाकण घ्या, 220 रुपये. पाच रुपयांच्या रबरी चकतीसाठी! कंपनीला फोन लावला तर म्हणे व्हिडीओ पाठवा. पाठवला. मग म्हणे टाकी पूर्ण भरू नका. अहो, मग सोळा लिटरची म्हणून विकता कशाला? वॉरंटी मोटरला आहे, झाकणाला नाही, हे तिसऱ्या फोनला कळलं. पाचापैकी एक तारा द्यायचा, हे त्याच दिवशी ठरवलं होतं.

पण पुढं मत जरा हललं.

संत्र्यावर कोळशी आली होती. पानं काजळ धरल्यासारखी, हात लावला की चिकट. मी महिनाभर वरून फवारे मारत होतो आणि पंपाच्या नावानं बोटं मोडत होतो. शेजारचे काकाजी आले, त्यांनी फांदी वाकवून पान पालथं केलं. "काळं वरतं दिसते, किडा खालतं बसते. खालून मार ना बापू!" पानामागं काळे बारीक ठिपके खवल्यासारखे चिकटलेले, कडेला पांढरी झालर. कोवळ्या पानाखाली अंडी, चकली पाडावी तशी गोल फिरवून घातलेली. ही काळी माशी. तिची पिल्लं रस शोषतात, त्यांचा गोड चिकटा खालच्या पानांवर पडतो आणि त्या चिकट्यावर काळी बुरशी चढते. मी काजळीच धूत बसलो होतो.

झाकण गळतं म्हणून जहाल औषध मी बंदच केलं होतं. त्यात 220 रुपये वाचवायचेही होते, खोटं कशाला बोलू. मग निंबोळी तेल: 10 लिटर पाण्याला 100 मिली तेल आणि 10 ग्रॅम कपडे धुण्याची पावडर. आधी मगभर पाण्यात पावडर आणि तेल दुधासारखं होईपर्यंत घोटायचं, नाहीतर तेल वर तरंगतं. साधारण अर्धी अंडी फुटली की पहिली फवारणी, पंधरा दिवसांनी दुसरी. खालून मारायला पंपासोबत आलेलं वाकडं नोझल लागतं. माझं मेपर्यंत पिशवीतच होतं, यात कंपनीचा दोष नाही.

आता खालून मारायचं म्हणजे झाडाखाली वाकायचं, आणि वाकलं की झाकण गळतं. फक्त आता पाठीवर निंबोळी तेल येतं. रात्री जेवताना घरचे दोन हात लांब बसतात, एवढंच. जुनी पानं काळीच राहिली, पण पावसाळ्यातली नवती हिरवीगार आली. पंपाला आणखी एक तारा.

बाकी किडींना पंप लागलाच नाही. लिंबावर पाखराच्या शिटेसारखी अळी असते, मोठी झाली की हिरवी होते आणि डिवचली की शिंगं काढून घाण वास सोडते. ती हातानं वेचून साबणाच्या पाण्यात टाकली. संत्र्याच्या एका खोडावर भुशाची जाळी दिसली. साफ करून छिद्रात तार फिरवली, पेट्रोलचा बोळा कोंबला, वरून चिखल लिंपला. पेरूत अळ्या निघाल्या ती फळमाशी. सापळा टांगला, पण त्यात नुसते नर येतात, म्हणून पडलेला पेरू रोज उचलून खोल पुरतो.

जुलैत सायकलच्या फुटक्या ट्यूबचं वायसर कापून बसवलं. दोन टाक्या कोरड्या गेल्या, तिसरीला परत थेंब. आता टाकीवर लाल नेलपॉलिशची रेघ मारली आहे, 14 लिटरवर. तेवढंच भरतो, 140 मिली तेल.

मागच्या आठवड्यात काकाजी पंप मागून घेऊन गेले. संध्याकाळी दारात उभे, सदरा पाठीला चिकटलेला. "बापू, झाकण गळते रे तुह्यं."