नायगारा नदीचे दोन काठ, दोन किल्ले: कुठला बघावा?

टोरांटोला किंवा न्यू जर्सीला मुलांकडे आलेले आईवडील धबधबा बघतातच. पण तिथून अर्ध्या-पाऊण तासावर, नायगारा नदी ओंटारियो सरोवराला मिळते त्या मुखाशी, दोन किल्ले जवळजवळ समोरासमोर उभे आहेत. पश्चिम काठावर कॅनडाचा फोर्ट जॉर्ज, पूर्व काठावर अमेरिकेचा फोर्ट नायगारा. अमेरिका आणि इंग्रज यांच्यातल्या १८१२च्या युद्धात (कॅनडा तेव्हा इंग्रजांची वसाहत होती) ते एकमेकांवर तोफा डागत होते. वेळ एकाच किल्ल्यापुरता असेल तर कुठे जावं, त्यासाठी हे लिहितोय.

वास्तू म्हणून बघायचं तर फोर्ट नायगारा सरस आहे, यात मला शंका नाही. आतला ‘फ्रेंच कॅसल’ फ्रेंचांनी १७२६-२७ मध्ये बांधला, तोही दगडी आणि आजही भक्कम. बाहेरून मोठ्या घरासारखा दिसतो, कारण स्थानिक इरोक्वा लोकांना हा किल्ला नसून व्यापाराची वखार आहे असं भासवायचं होतं. वेढा पडला तर पाण्याला बाहेर जावं लागू नये म्हणून विहीर घरातच आहे. पुढे १७५९ला तो इंग्रजांकडे गेला आणि १७९६ला अमेरिकनांकडे. म्हणून तिथे तीन राष्ट्रांचे झेंडे फडकतात. हवा स्वच्छ असेल तर सरोवरापलीकडे टोरांटोच्या उंच इमारती दिसतात.

फोर्ट जॉर्जची गोष्ट वेगळी. फोर्ट नायगारा सोडावा लागला म्हणून इंग्रजांनी नदीच्या कॅनडाकडच्या काठावर हा बांधला. मे १८१३ मध्ये अमेरिकन तोफांनी तो उद्ध्वस्त केला. आज दिसतात ती लाकडी घरं आणि कुंपण १९३०च्या दशकाच्या शेवटी पुन्हा उभारलेलं आहे, मूळचं फक्त १७९६चं दारूकोठार उरलंय. गडकोटांवर अस्सल दगड शोधणाऱ्या माणसाला हे खटकेल. पण उन्हाळ्यात लाल कोटातले शिपाई बंदूक कशी भरायची आणि झाडायची ते करून दाखवतात. नातवंडं बरोबर असतील तर इथेच जा.

पण तुम्हाला शत्रूंचे शेजारी कसे झाले ते समजून घ्यायचं असेल, तर माझा कौल कॅनडाच्या काठाला. किल्ल्यापेक्षाही त्याच्या आसपासच्या जागांसाठी. १३ ऑक्टोबर १८१२ला क्वीन्स्टनच्या टेकडीवर इंग्रजांचा सेनापती आयझॅक ब्रॉक मारला गेला. तीन दिवसांनी त्याला फोर्ट जॉर्जच्या बुरुजात पुरलं, तेव्हा पलीकडून अमेरिकन तोफांनीही मानवंदना दिली. ज्याच्याशी काल लढलो त्याच्यासाठी तोफा झाडणं, हे त्या युद्धातलं मला सगळ्यात भावलेलं दृश्य.

मात्र एवढ्यावरून मैत्री झाली असं समजू नका. १० डिसेंबर १८१३ला कॅनडाच्या काठावरून माघार घेताना अमेरिकनांनी फोर्ट जॉर्जशेजारचं, आजचं नायगारा-ऑन-द-लेक हे गाव ऐन बर्फात जाळलं. बायका-मुलं उघड्यावर पडली. नऊच दिवसांनी इंग्रजांनी रात्री नदी ओलांडून, आवाज होऊ नये म्हणून बंदुका न भरता, नुसत्या संगिनींनी फोर्ट नायगारा घेतला आणि मग लुइस्टन व बफेलो ही अमेरिकन गावं जाळली. जळलेल्या नायगारा-ऑन-द-लेकच्या विटा आजही बघता येतात. त्या वापरून बांधलेला फोर्ट मिसिसागाचा चौकोनी बुरूज नायगारा-ऑन-द-लेकच्या गोल्फ मैदानातून चालत गेलं की लागतो. जरूर जा, तिथून समोर फोर्ट नायगारा स्पष्ट दिसतो.

डिसेंबर १८१४ला युद्ध संपवणारा घेंटचा तह झाला, सीमा होती तिथेच राहिली. १८१७च्या करारात ओंटारियो सरोवरावर दोघांनी प्रत्येकी एकच तोफ असलेलं एकेकच जहाज ठेवायचं ठरवलं. तरी संशय गेला नव्हता. १८४० मध्ये ब्रॉकचं पहिलं स्मारक सुरुंगाने उडवलं गेलं (आजचं ५६ मीटर उंचीचं स्मारक नंतरचं), १८६६ला अमेरिकेतून आयरिश बंडखोरांनी कॅनडावर हल्ले केले. खरी समेट अमेरिका आणि इंग्रज यांच्यातल्या १८७१च्या वॉशिंग्टन तहाच्या सुमारास झाली असं मी मानतो. आणि हे नातं अजूनही गृहीत धरता येत नाही: २०२५ मध्ये कॅनडा म्हणजे अमेरिकेचं ‘एक्कावन्नावं राज्य’ ही भाषा वॉशिंग्टनहून ऐकू आल्यावर कॅनडातल्या कित्येकांनी अमेरिकेची सहल रद्द केली.

दोन्ही काठांवर एक जण मात्र कमी सांगितला जातो, तो म्हणजे इथला मूळ रहिवासी. ब्रॉक पडला त्या क्वीन्स्टनच्या लढाईत, इंग्रजांच्या बाजूने लढणारा सरदार जॉन नॉर्टन याच्या हाताखालच्या मूळ रहिवासी योद्ध्यांनी अमेरिकनांना रोखून धरलं होतं. त्यांचं स्मारक त्याच टेकडीवर आहे, ब्रॉकच्या खांबाकडे बघताना ते चुकवू नका.

भारतीय पासपोर्ट असेल तर प्रश्न बहुधा व्हिसाच सोडवतो, दोन्ही देशांचा वेगवेगळा लागतो. दोन्ही हातात असतील तर सकाळी फोर्ट नायगारा, मग लुइस्टन-क्वीन्स्टन पुलावरून गाडीने पलीकडे (तो पूल पायी ओलांडता येत नाही), उतरताच क्वीन्स्टनची टेकडी आणि शेवटी फोर्ट जॉर्ज. या क्रमाने इतिहासही तारखांप्रमाणे उलगडतो. सीमेवर रांग लागू शकते, आणि हिवाळ्यात फोर्ट जॉर्जच्या वेळा बदलतात, त्या आधी तपासून घ्या.