टॉवेल कारखाना की पुण्याची आयटी कंपनी? सोलापूरकरांसाठी पहिल्या नोकरीची तुलना

पदवी हातात पडली की पगाराची तुलना घरात आपोआप होते. कामात मन लागेल का, हा प्रश्न मात्र मागे राहतो. आमच्या मते त्याचं उत्तर दोन गोष्टींवर ठरतं: आपलं काम पुढे कुणाच्या उपयोगी पडतं ते दिसतं का, आणि चुकलं तर किती लवकर कळतं.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात क्वालिटीला लागलात, तर दोन्ही गोष्टी पहिल्याच आठवड्यात समोर येतात. ७५ × १५० सेंमीचा, ५०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ५०० ग्रॅम) टॉवेल साधारण ५६० ग्रॅम भरायला हवा. काट्यावर ५२० दिसले की शोध सुरू होतो. पाइलच्या, म्हणजे टॉवेलवरचे लूप ज्यातून बनतात त्या धाग्याच्या, बीमवर (रुळावर) ताण वाढून लूप बुटके पडले, की इंचातले पिक (आडवे धागे) कमी झाले? वजन बरोबर असूनही टॉवेल पाणी ओढत नसेल, तर फिनिशिंगमध्ये सॉफ्टनर जास्त पडला असण्याची शक्यता मोठी. ही उत्तरं कॉलेजच्या वहीत कमी आणि लूमवरच्या माणसाकडे जास्त असतात. त्यांतल्या अनेकांच्या घरी तेलुगू बोलतात आणि विणकाम पिढ्यान्पिढ्या चालत आलंय. शेजारी उभं राहून नीट विचारलं तर ते हातचं राखत नाहीत. पहिल्या नोकरीत असं शिक्षण मिळणं ही फार मोठी गोष्ट आहे.

धोका वेगळा आहे. लहान कारखान्यात क्वालिटी, चलन, डिस्पॅच सगळं एकाच्या गळ्यात पडतं. पहिलं वर्ष त्याचा फायदाच होतो. दुसऱ्या वर्षीही नुसती चलनंच फाडत असाल, तर शिकणं थांबलंय. नेमणूकपत्र आणि पगारपावती पहिल्या महिन्यातच मागा. २० किंवा अधिक माणसं असतील तर पीएफ लागू होतो, त्याचा यूएएन (नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा) नंबरही घ्या. हे कागद नसले तर पुढच्या नोकरीत अनुभव सिद्ध करता येत नाही.

पुण्याच्या मोठ्या आयटी कंपनीत शिकवण्याची पद्धत बसलेली असते. ट्रेनिंग होतं, लिहिलेला कोड सीनियर तपासतो, चूक तिथेच कळते. पण प्रोजेक्ट तुम्ही निवडत नाही. सपोर्टला, म्हणजे चालू सिस्टीमच्या अडचणी सोडवायला, टाकलं तर तिकीट (नोंदवलेली तक्रार) बंद होतं आणि पलीकडे कुणाचं काय अडलं होतं ते कळतच नाही. मन उडतं ते बहुतेक इथे. उपाय आहे: तिकीट बंद करण्याआधी ती स्क्रीन कोण आणि कशासाठी वापरतं, हे टीम लीडला विचारा. महिनाभरात सिस्टीमचं चित्र डोक्यात बसतं. खर्चात भाडं, डिपॉझिट, मेस आणि सुमारे २५० किलोमीटरवरच्या घराच्या फेऱ्या धरा. शिल्लक किती उरते त्यावर तुलना करा. नोटीस पिरियड अनेक ठिकाणी ९० दिवसांचा असतो. बाँड (मुदतीआधी नोकरी सोडल्यास पैसे भरण्याचा करार) असेल तर रक्कम आणि मुदत वाचूनच सही करा.

स्पर्धा परीक्षेचा तिसरा रस्ता या तुलनेत बसत नाही, कारण तिथे काम निकालानंतर सुरू होतं.

वस्तू हातात घेऊन, माणसांत राहून शिकायला आवडत असेल तर कारखाना घ्या. एका विषयात खोल जायचं असेल आणि घरापासून दूर राहणं झेपत असेल तर पुणे. होकार देण्याआधी दोन्हीकडे विचारा: माझं काम रोज कोण तपासणार? माझ्या आधी या जागी असलेला माणूस आता काय करतो? कारखान्यात अर्धा दिवस शेडमध्ये थांबू द्या म्हणावं. आयटीत त्याच टीममधल्या, वर्षभर काम केलेल्या मुलाशी किंवा मुलीशी फोनवर बोलावं. पहिल्या प्रश्नाला नाव घेऊन उत्तर मिळालं नाही, तर पगार थोडा जास्त असला तरी ती जागा आम्ही सुचवणार नाही.